छातीतला खड्डा आणि संगणकावर घडणारे इम्प्लांट: नेमका फरक काय पडतो?

पोहायला जाताना शर्ट काढायची वेळ आली की काही मुले मागे सरतात. कारण असते छातीच्या मधोमध असलेला खड्डा. ‘पेक्टस एक्स्कॅव्हेटम’ या विकारात बरगड्यांना जोडणाऱ्या कूर्चेची वाढ बिघडते आणि छातीचे मधले हाड आत ओढले जाते. साधारण ३०० ते ४०० जन्मांमागे एकात तो आढळतो, मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त. वयात येताना खड्डा अधिक ठळक होतो. अशा रुग्णांसाठी आता संगणकावर मापे घेऊन इम्प्लांट घडवले जात आहेत.

आधी काय करत होते?
अमेरिकेतील सर्जन डोनाल्ड नस यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली शस्त्रक्रिया आजही होते. छातीच्या दोन्ही बाजूंना छोटे छेद देऊन वाकवलेली धातूची पट्टी हाडाखालून सरकवतात आणि उलटी फिरवतात. हाड वर उचलले जाते. दोन-तीन वर्षांनी पट्टी काढतात. मात्र पट्टीला बाक द्यायचा तो ऑपरेशन थिएटरमध्येच, हाताने, छातीवर लावून बघत. बाक जमला नाही तर पुन्हा वाकवायची.

संगणक काय करतो?
सीटी स्कॅनवरून छातीचे थ्रीडी मॉडेल तयार होते. त्यावर पट्टीची लांबी आणि बाक आधीच ठरतो. थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या साच्यानुसार पट्टी वाकवून ठेवता येते. नेहमीच्या स्टीलच्या पट्टीत निकेल असते. त्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना टायटॅनियमची पट्टी लागते. ती थिएटरमध्ये वाकवणे अवघड, म्हणून ती स्कॅननुसार कारखान्यातच घडवतात.

मग सिलिकॉनचे इम्प्लांट कशासाठी?
गल्लत इथेच होते. यातही स्कॅन आणि संगणक असतो, पण खड्ड्याच्या मापाचा सिलिकॉनचा तुकडा हाडाच्या वर, स्नायूंखाली बसवला जातो. खड्डा भरलेला दिसतो, हाड मात्र जागचे हलत नाही. हृदयावर दाब असेल तर तो तसाच राहतो.

कोणाला काय योग्य?
छातीची आतली रुंदी आणि हाडापासून मणक्यापर्यंतचे अंतर यांच्या गुणोत्तराला ‘हॅलर इंडेक्स’ म्हणतात. तो सामान्यतः २.५ च्या आसपास असतो, ३.२५ च्या वर गेला तर विकार तीव्र मानतात. शिवाय दम लागतो का, इको आणि फुप्फुसांच्या चाचण्या काय सांगतात, हेही पाहावे लागते.

संगणकामुळे पट्टीचा अंदाज कमी चुकतो. हृदयाला लागून पट्टी सरकवण्याची जोखीम आणि नंतरचे दुखणे मात्र संपत नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो दोन्ही उपचारांचे सारखेच दिसतात. म्हणून फोटो पाहून भुलण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: हाड उचलले जाणार आहे, की खड्डा फक्त भरला जाणार आहे?