घरची शाळा आणि अर्थशास्त्राचा धडा

इंग्लंडमध्ये शिक्षण सक्तीचे आहे, शाळा नाही. मुलाला त्याच्या वयास व कुवतीस साजेसे पूर्णवेळ शिक्षण द्यावे, मग ते शाळेत असो वा अन्य मार्गाने, अशी जबाबदारी १९९६ च्या शिक्षण कायद्याच्या सातव्या कलमाने आईबापांवर टाकली आहे. २०२४ च्या शरद ऋतूतील सरकारी मोजणीत घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या सुमारे १,११,७०० भरली. हॅरोमधील आपल्या बंधुभगिनींनीही या प्रश्नाचा विचार करावयास हवा.

लहान मुलाला वाचन-गणित घरी शिकविता येते. मूल सोळा वर्षांचे झाले, की खरी कसोटी लागते. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा हवी. अर्थशास्त्राला ती लागत नाही. एक्यूए मंडळाच्या ए-लेव्हल परीक्षेत या विषयाच्या दोन-दोन तासांच्या तीन प्रश्नपत्रिका असतात, प्रत्येकी ८० गुणांच्या. प्रात्यक्षिक नाही. म्हणून बाहेरून बसणाऱ्या विद्यार्थ्याला हा विषय सोयीचा वाटतो. परंतु सोयीचा म्हणजे सोपा नव्हे.

नुसत्या आकृत्या पाठ करून येथे भागत नाही; दोन्ही बाजू तोलून निर्णय द्यावा लागतो. किमान वेतन वाढवावे काय? दुकानदार एक सांगेल, कामगार दुसरे. वर्गात तीस डोकी असतात, वाद आपोआप होतो. घरी मूल आणि पुस्तक, दोघेच. ही उणीव आणखी पुस्तके आणून भरून निघत नाही.

ती भरून काढण्याची साधने दाराशीच आहेत. हॅरोच्या वील्डस्टोन भागात कोडॅकचा कारखाना १८९१ साली निघाला आणि २०१६ साली बंद झाला. एके काळी तेथे हजारो माणसे काम करीत. डिजिटल कॅमेरा १९७५ साली याच कंपनीच्या अमेरिकेतील अभियंत्याने बनविला आणि पुढे त्याच तंत्राने फिल्मचा धंदा बसला. आता त्या जागेवर घरे उभी राहत आहेत. मागणी का आटली? फिल्म करणाऱ्या कामगाराला दुसरे काम लगेच का मिळत नाही? एवढ्या प्रश्नांवर महिनाभर शिकविता येईल.

स्वयंपाकघरातील साखरेचा डबाही तेच शिकवितो. १९७५ च्या साखर करारानुसार आमच्या मॉरिशसची साखर युरोपात ठरलेल्या भावाने जाई. २००६ पासून युरोपने तो भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरविला. २००९ साली करार संपला. संरक्षित बाजार म्हणजे काय, हे ऊस तोडणाऱ्यांच्या नातवंडांना अधिक काय सांगावे!

तेव्हा आईबापांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, परीक्षा केंद्र आधीच शोधावे. प्रत्येक शाळा बाहेरचा विद्यार्थी घेत नाही, उन्हाळी परीक्षेची नोंदणी साधारण फेब्रुवारीत संपते आणि फीचा भार घरावरच पडतो. दुसरी, मुलाला एकटे ठेवू नये. आठवड्यातून एक संध्याकाळ चार घरची मुले एकत्र बसवावीत. त्यांच्यासमोर कधी हिशेबनीस काकांना आणावे, कधी दुकान चालविणाऱ्या मावशींना. मुलांनी विचारावे, मोठ्यांनी उत्तर द्यावे आणि मुलांनी ते खोडून काढले तर रागावू नये. शाळेत जाणाऱ्या मुलांनाही त्यात घ्यावे.

मराठी मंडळे गणेशोत्सवासाठी सभागृह घेतात, वर्गणी काढतात. वर्गणी न देता प्रसादाला पहिला येणारा कोण, यावरही अर्थशास्त्रात एक प्रकरण आहे! तेच सभागृह या मुलांसाठी अधूनमधून उघडावे. याच लंडनमध्ये १९२३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. पदवी मिळविली. हा विषय आपल्या समाजाला परका नाही.

शाळा सोडण्याचा निर्णय प्रत्येक घराचा आहे. पण शाळा सुटली म्हणून मुलाचा समाज सुटू नये, हे पाहणे आपल्या सर्वांचे काम आहे.