स्क्रीन गेली, लॅपटॉप नाही

जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर उभ्या रेघा उमटल्या की घरात लगेच नव्याची चर्चा सुरू होते. एवढी घाई नको. आधी तो एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला जोडा. तिथे चित्र स्वच्छ दिसलं, तर मदरबोर्ड बहुधा शाबूत आहे. दुखणं पॅनेलचं किंवा त्याच्या केबलचं. आता झाकण हळूहळू मागे-पुढे करून बघा. ठरावीक कोनात रेघा जात-येत असतील, तर बिजागरीजवळून जाणाऱ्या बारीक केबलवर संशय घ्यावा. रोजच्या उघडझापीने ती झिजते, आणि पॅनेलपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते. पॅनेलच बदलायचं असेल, तर नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची पॅनेलं निघतात, म्हणून जुन्याच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा नंबर जुळवून घ्या. जोडणी 30 पिनांची की 40, तेही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा जाणता कारागीर हे स्वतःच विचारतो, न विचारणाऱ्याकडे मी लॅपटॉप सोडणार नाही. खर्च तशाच जुन्या लॅपटॉपच्या बाजारभावाच्या निम्म्यात बसत असेल, तर माझं मत दुरुस्तीच्या बाजूने. विंडोज 10चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला, हे मात्र हिशेबात धराच. पण लिनक्स टाकलं की तेच यंत्र मुलांच्या अभ्यासाला छान चालतं. बॅटरी फुगलेली, बिजागरी तुटलेली आणि वर मदरबोर्डही कुरकुरत असेल, तर पैसे घालू नका; हार्ड डिस्क काढून घ्या आणि बाकीचं अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.