शेती दुसऱ्यावर सोपवताना: माणूस पाहाच, पण बोलीही पक्की करा

गुढीपाडवा जवळ आला की सोलापूर जिल्ह्यात सालगड्याची बोली सुरू होते. अलीकडे मात्र उचल देऊनही सालगडी मिळणे अवघड झाले आहे. तुम्ही नोकरीसाठी पुण्या-मुंबईत असाल, तर दोन-तीन एकर शेत भावकीकडे, शेजाऱ्याकडे किंवा वाट्याने देण्यावाचून पर्याय उरत नाही. मग प्रश्न येतो, विश्वासू माणूस कुठे शोधायचा? बरेच व्यवहार माणूस वाईट निघाल्याने नव्हे, तर बोली अर्धवट राहिल्याने मोडतात.

सप्टेंबर २०२५ मधील सीना नदीचा पूर आठवा. माढा, मोहोळ, करमाळा भागात उभी पिके पाण्याखाली गेली. शासनाची मदत सातबाऱ्यावरील खातेदाराच्या खात्यात जमा होते. बियाणे, खत, मजुरी वाटेकऱ्याने घातली असेल, तर खर्च त्याचा बुडतो आणि मदत मालकाला मिळते. हे आधी ठरलेले नसेल, तर वर्षानुवर्षांचा विश्वास तिथेच तुटतो.

मग कागद का होत नाही? कारण कूळ लागण्याची भीती. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळांना जमिनीचे मालक केले, ती आठवण घराघरांत आहे. पण १९४८ च्या कूळकायद्यातच एक फरक केलेला आहे. मालकाच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या देखरेखीखाली रोख अथवा वस्तुरूप मजुरीवर राबणारा गडी कूळ ठरत नाही. पिकाचा वाटा देऊन जमीन कसायला दिली, की प्रश्न वेगळा होतो. म्हणून वाट्याचा कागद करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. मजुरीचा हिशेब मात्र लिहून ठेवायला अजिबात कचरू नका.

गाव सोडण्यापूर्वी एवढे करा:

- तुम्ही घरी असतानाच आठ-दहा दिवस त्याच्यावर काम सोपवून पाहा.
- पाण्याच्या पाळ्या, ठिबकचे व्हॉल्व्ह आणि खताचे प्रमाण कागदावर लिहून मोटारीच्या खोलीत लावा.
- औषध-खताचे पैसे कृषी सेवा केंद्राला थेट पाठवा, पक्के बिल मागवा. फवारणीसाठी हातमोजे आणि मास्क तुम्हीच घेऊन द्या.
- डाळिंब असेल तर पावसाळ्यात पाने आणि फळांचे फोटो दर दोन-तीन दिवसांनी मागवा. तेलकट डाग पावसात झपाट्याने पसरतो.
- ई-पीक पाहणी शेतात उभे राहूनच करावी लागते. त्या काळात गावी या. जमत नसेल तर गावातील सहायकाशी आधीच बोला.
- बँकेचे ओटीपी आणि कोऱ्या कागदावर सही कोणालाही देऊ नका.
- नुकसान झाले, तर मदतीतला किती हिस्सा कोणाचा, हे पेरणीपूर्वी दोन जाणत्यांसमोर ठरवा.

शेत सांभाळणाऱ्यालाही तुमच्याबद्दल खात्री हवी असते. त्याची मजुरी ठरल्या दिवशी पोचली, तर पुढच्या पाडव्याला तोच माणूस तुमच्याकडे टिकेल.