बालवाडीची निवड

बालवाडीच्या प्रवेशाची धावपळ आता जून महिन्याची वाट पाहत नाही. दिवाळी सरते न सरते तोच ती सुरू होते. तीन वर्षांच्या मुलाचे आईबाप इमारत पाहतात, शुल्क विचारतात आणि ‘अक्षरे केव्हापासून गिरवून घेता?’ असा प्रश्न करतात. आमच्या मते हा प्रश्नच मुळी अस्थानी आहे. एवढ्याशा बोटांत लेखणी पेलण्याचे बळ नसते. ते माती, मणी, वाळू यांच्याशी खेळूनच येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिसऱ्या वर्षापासूनची पाच वर्षे एका पायाभूत टप्प्यात घालून खेळावरच भर दिला आहे.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे केंद्र काढले. पाड्यावरची मुले येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आमचे शहरी मूल मात्र नामांकित शाळेसाठी तासभर बसमध्ये पेंगत जाते! घराजवळची साधी बालवाडी त्याहून शतपटीने बरी.

पालकांनी एक सकाळ तेथे जाऊन बसावे. एका बाईंकडे मुले किती? रडणाऱ्या मुलाला त्या जवळ घेतात की दटावतात? मूल घरच्या भाषेत पाणी मागू शकते काय? शौचालय स्वच्छ आणि त्याच्या उंचीचे आहे काय? तीन वर्षांच्या मुलाची ‘मुलाखत’ घेणाऱ्या, पण त्याच्या आईस वर्गात डोकावू न देणाऱ्या संस्थेच्या दारातून, तिचे नाव कितीही मोठे असो, खुशाल परत फिरावे.