धरणाच्या वरचं जंगल

‘शुद्धीकरण केंद्रं आहेत, मग तलावांभोवती एवढी जमीन अडवून कशाला ठेवायची?’ मुंबईत हा प्रश्न आता उजळ माथ्याने विचारला जातो. उत्तर मुंबईतच आहे. विहार तलाव १८६० चा, पवई त्यानंतर तीसेक वर्षांनी झालेला. दोन्ही मिठी नदीच्या खोऱ्यात, शेजारीशेजारी. विहारचं पाणलोट जंगल म्हणून राखलं गेलं, आणि त्याचं पाणी शहर अजून पितं. पवईचं पाणी पिण्यातून लवकरच बाद झालं. पुढे काठावर इमारती आल्या, सांडपाणी आलं, जलपर्णी माजली आणि ते पुन्हा पिण्यात येण्याची वाटच बुजली. तुरटीने गढूळपणा बसतो, क्लोरीनने जंतू मरतात; पण पाण्यात विरघळलेली कीटकनाशकं वाळूच्या गाळणीतून बहुतांशी तशीच पार होतात. तलावात साचणारा गाळ तर केंद्रापर्यंत पोचतच नाही. तो साठवणच खातो.

दुसरा आक्षेप अभ्यासू आहे: झाडं स्वतःच पाणी पितात, उघड्या डोंगरावरून तलावात जास्त पाणी येईल. यात तथ्य आहे. पण सह्याद्रीत पाऊस चार महिन्यांचा. उघड्या उतारावरचं ते जास्तीचं पाणी माती घेऊन येणार ऐन पावसाळ्यात, जेव्हा तुळशी, विहार, तानसा भरून वाहत असतात. म्हणजे पाणी सांडव्यावरून जाणार आणि माती तलावात राहणार! आपली टंचाई एप्रिल-मेची आहे. म्हणूनच मुंबईच्या नव्या गारगाई धरणासाठी तानसा अभयारण्यातली लाखांवर झाडं तोडण्याचा बेत मला पाणीपुरवठ्याचा वाटत नाही. एक साठा वाढवण्यासाठी दुसऱ्याचं छप्पर काढण्याचा वाटतो.

तिसरा आक्षेप मात्र मी खोडणार नाही. जंगल राखायचं आदिवासींनी आणि पाणी प्यायचं मुंबईने, हा अन्यायच आहे. भातसा, तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पण यावर उपाय जंगल मोकळं करणं हा नव्हे. न्यूयॉर्क शहराने १९९७ च्या करारानुसार कॅटस्किल डोंगरातली जमीन राजीखुशीने विकणाऱ्यांकडूनच घेतली, वरच्या गावांच्या सांडपाण्यावर आणि शेतांवर स्वतःचा पैसा खर्च केला. त्या खोऱ्यांचं पाणी आजही गाळणी केंद्राशिवाय नळाला येतं. मुंबईच्या पाणीपट्टीत पाणलोटाचा वेगळा आकार लावा. तो पैसा २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांच्या खात्यात थेट जाऊ द्या, आणि त्यातला पहिला खर्च त्या पाड्यांच्या नळांवर होऊ द्या.