छाट

विडीत तंबाखू भरणं सोपं नाही. घट्ट भरली तर ओढली जात नाही, सैल राहिली तर विझते. सोलापुरातल्या बाया हा अंदाज चिमटीत ठेवून हजार-हजार विड्या वळतात. मजुरी हजारावर. पण माल द्यायला गेलं की तपासणारा मूठभर विड्या बाजूला काढतो. ही 'छाट'. तिचे पैसे नाहीत!

१९६६च्या विडी कामगार कायद्यानं छाटीचा वाद अधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय केली. पण मूठभर विड्यांसाठी भांडणार कोण? उद्या पानच मिळालं नाही तर?

विडी वाईटच, ओढू नका. पण छाट तिच्यासमोर मोडा, आकडा लेखी द्या. एवढं तरी कराल की नाही?