दुकानामागच्या खोलीतला पाहुणा

१९१५ च्या नोव्हेंबरमध्ये जपान सरकारने रासबिहारी बोस यांना देश सोडून जाण्याचा हुकूम दिला. १९१२ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्यावर बॉम्ब टाकला गेला होता. त्या कटासाठी इंग्रज सरकार बोस यांना शोधत होते. नाव बदलून ते जपानला पोहोचले होते. पण जपान इंग्लंडचा दोस्त! इंग्रजांच्या हाती लागले असते, तर त्यांना फाशीच झाली असती.

तोक्यो शहरात आईझो आणि कोक्को सोमा या पतिपत्नींचे पावाचे दुकान होते. त्यांनी बोस यांना दुकानामागच्या खोलीत लपवले. कोक्कोबाईंना इंग्रजी येत होते, म्हणून पाहुण्याशी बोलता तरी आले. दुकानात नोकरचाकर होते. गिऱ्हाइके येत-जात होती. तरीही काही महिने ते तिथे लपून राहिले. पुढे हुकूम मागे पडला. १९१८ मध्ये सोमांच्या मुलीचा, तोशिकोचा, बोस यांच्याशी विवाह झाला. (त्या दुकानाची भारतीय पद्धतीची 'करी' तोक्योत आजही प्रसिद्ध आहे.)

कोणी म्हणेल, "बॉम्बच्या कटातल्या माणसाला पनाह का द्यावी?" प्रश्न योग्य आहे. खून करून पळालेल्या प्रत्येकाला आश्रय द्यावा, असे मीही म्हणणार नाही. पण आपल्या विरोधकाला गुन्हेगार ठरवणे कोणत्याही जुलमी सरकारला सोपे असते. म्हणून आरोप काय आहे, एवढेच पाहून भागत नाही. परत गेल्यावर त्या माणसाला खरा न्याय मिळेल का, हे आधी पाहिले पाहिजे. बोस यांना तो मिळाला नसता.

बोस यांना परक्यांनी वाचवले, याचा आपल्याला आनंद होतो. मग आपल्या दाराशी कोणी आले तर? १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. निवडून आलेले काही प्रतिनिधी, निदर्शक, गोळीबाराचा हुकूम न पाळणारे पोलीस तिआऊ नदी ओलांडून मिझोराममध्ये आले. केंद्र सरकारने त्यांना रोखण्यास सांगितले. मिझोरामचे मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी मात्र पंतप्रधानांना पत्र लिहून हे मान्य नसल्याचे कळवले. गावकऱ्यांनी आणि चर्चनी तांदूळ, कपडे, छप्पर दिले. मिझोराम काही श्रीमंत राज्य नाही.

१९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तो व्हायला हवा, असे माझे मत आहे. शेजाऱ्याची दया आज आहे, उद्या आटू शकते. मिझोराम सरकारने त्याच वर्षी निर्वासितांच्या मुलांना सरकारी शाळांत प्रवेश देण्यास सांगितले. ही मुले आता तुमच्यासारखीच दुसऱ्या भाषेतले धडे वाचत असतील.